नवा वेग, जुनी खतावणी

दिवाळीच्या वहीपूजनाला आता पाटावर लाल कापडी बांधणीच्या वह्यांशेजारी संगणकही मांडला जातो. झाकणावर कुंकवाचा साथिया काढतात, अक्षता पडतात, शुभ-लाभ लिहिले जाते. पूजा आटोपली की तोच संगणक पुन्हा गल्ल्याशेजारी जातो आणि दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक समोर उभे असताना बिल निघायला वेळ लागला, की घरातल्या सर्वांची बोलणी खातो. मग कोणीतरी म्हणते, प्रोसेसर जुना झाला, नवा घेऊ. हा निर्णय वाटतो तितका सोपा नसतो, आणि व्यापारी घरात तर मुळीच नसतो. कारण तेथे संगणकाच्या पोटात नुसते प्रोग्राम नसतात, येणी-देणी असतात.

दिंडोशीतील एक पेढी डोळ्यांसमोर आणावी. पश्चिम द्रुतगती महामार्गापासून थोडे आत, औद्योगिक वसाहतीतला गाळा, स्टीलच्या भांड्यांचा ठोक व्यापार. १९९६च्या सुमारास थोरल्या शेठजींनी एका ओळखीच्या प्रोग्रामरकडून फॉक्सप्रोमध्ये हिशेबाचा प्रोग्राम लिहवून घेतला. काळा पडदा, पांढरी अक्षरे, माउसचे काम नाही. एक कळ दाबली की रोजमेळ, दुसरी दाबली की खतावणी. मुनीमजींची बोटे त्या कळांवर अशी बसली आहेत की ते पडद्याकडे पाहातही नाहीत. २०१७च्या १ जुलैला वस्तू व सेवा कर आला तेव्हा नवी बिले टॅलीत गेली. पण जुन्या गिऱ्हाइकांची खाती, कोणाकडे किती अडकले, कोणी कधी किती फेडले, ही सारी विगत त्या काळ्या पडद्यातच राहिली. प्रोग्राम लिहिणारा गृहस्थ आता कोठे आहे, हे पेढीत कोणालाच ठाऊक नाही.

धाकट्या मुलाचे म्हणणेही खोटे नाही. टॅली, बँकेचे पान, कराचे पोर्टल आणि एक्सेल एकदम उघडले की यंत्र दम टाकते. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नियमित आधार संपला. दुकानदाराने नव्या पिढीचा प्रोसेसर सुचवला, जुना डबा बदल्यात घेण्याची तयारी दाखवली. शेठजींनी एकच प्रश्न विचारला, “यात आपली खतावणी उघडेल ना?” उत्तर आले, “सगळे चालते, शेठ.”

या उत्तरातले ‘सगळे’ तपासून घ्यावे लागते.

संगणक बदलला तरी जुना प्रोग्राम चालला पाहिजे, ही अपेक्षाच मुळात फार जुनी नाही. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देशी बनावटीचा ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६०पासून काम करू लागला. चार वर्षांनी, १९६४ साली, त्याच संस्थेत कंट्रोल डेटा कंपनीचा सीडीसी ३६०० हा कितीतरी वेगवान संगणक आला. टिफ्रॅकच्या यंत्रभाषेत लिहिलेल्या आज्ञा नव्या पाहुण्याला कळण्याचे कारणच नव्हते. त्या काळी नवे यंत्र म्हणजे नव्याने लेखन, हे सर्वांनी गृहीतच धरलेले असे. त्याच वर्षी ७ एप्रिल रोजी आयबीएमने ‘सिस्टिम/३६०’ ही यंत्रमालिका जाहीर केली आणि एक वेगळेच वचन दिले: मालिकेतील लहान यंत्रासाठी लिहिलेला प्रोग्राम मोठ्या यंत्रावरही चालेल. ग्राहकाची खरी गुंतवणूक लोखंडात नसून लिहून झालेल्या प्रोग्रामांत आहे, हे त्या कंपनीने ओळखले होते. व्यापाऱ्याला हे सांगावे लागत नाही. दुकानाची जागा बदलली तरी नाव आणि खाती तीच ठेवायची, हे तो पिढ्यान्‌पिढ्या करत आला आहे.

घरगुती संगणकाच्या जगात हे वचन इंटेलने चालवले. १९७८चा ८०८६ हा मूळपुरुष. १९८५च्या ८०३८६ प्रोसेसरमध्ये एक खास सोय होती, तिच्यामुळे जुन्या ८०८६साठी लिहिलेला डॉस प्रोग्राम नव्या प्रोसेसरच्या आत जणू स्वतःच्या जुन्या घरात असल्यासारखा चाले. पुढे पेंटियम आला, त्याच्या पिढ्या आल्या, पण जुन्या आज्ञा प्रत्येकाला पाठ होत्या. हे वचन मोडले की काय होते, तेही इंटेलनेच अनुभवले. २००१ साली आलेल्या ‘इटॅनियम’ प्रोसेसरची घडण नवी होती आणि जुने प्रोग्राम त्यावर रखडत चालत. दोन वर्षांनी एएमडीने जुन्या आज्ञांनाच ६४ बिटांची जोड देणारा प्रोसेसर आणला, बाजार तिकडे वळला आणि शेवटी इंटेललाही तोच मार्ग धरावा लागला.

मग अडते कोठे? पहिली अडचण ऐकून हसू येईल अशी आहे: प्रोसेसर फारच वेगवान असणे.

नव्वदच्या दशकात बोर्लंड कंपनीचे टर्बो पास्कल हे लहानमोठे प्रोग्राम लिहिण्याचे आवडते साधन होते. त्यात एक छोटी सोय होती. प्रोग्रामला मध्येच क्षणभर थांबायचे असेल, तर किती वेळ थांबायचे हे कळण्यासाठी तो सुरू होतानाच यंत्राचा वेग मोजून घेई. संगणकातील घड्याळाचा एक ठोका सुमारे ५५ मिलिसेकंदांचा. तेवढ्या अवधीत एक रिकामी फेरी किती वेळा होते ते मोजायचे, त्या संख्येला ५५ने भागायचे आणि उत्तर एका कप्प्यात ठेवायचे. कप्पा १६ बिटांचा, म्हणजे त्यात जास्तीत जास्त ६५,५३५ एवढाच आकडा मावे. ज्या काळी हे लिहिले गेले त्या काळी एवढी जागा भरपूर होती. पण १९९७च्या सुमारास दोनशे मेगाहर्ट्‌झच्या पुढचे पेंटियम आले, एका ठोक्यात फेऱ्यांची संख्या ३६ लाखांच्या वर गेली, भागाकार कप्प्यात मावेना, आणि प्रोग्राम पहिल्याच क्षणी ‘रनटाइम एरर २००’ एवढे बोलून बंद पडू लागला. या चुकीचा अर्थ शून्याने भागाकार असा छापलेला असे. प्रत्यक्षात शून्य कोठेच नव्हते. वहीचा रकाना पाच आकड्यांचा आणि रक्कम सहा आकड्यांची, एवढाच तो घोटाळा होता.

फॉक्सप्रो आणि क्लिपर यांच्यात लिहिलेल्या हिशेबी प्रोग्रामांनाही वेगवान यंत्रांवर याच जातीच्या भागाकाराच्या चुका भोवल्या. विंडोज ९५सुद्धा सुटले नाही. एएमडीच्या के६-२ प्रोसेसरवर, ३५० मेगाहर्ट्‌झ आणि त्यापुढच्या वेगाला, ते सुरू होतानाच अडखळे आणि मायक्रोसॉफ्टला त्यासाठी वेगळी दुरुस्ती द्यावी लागली. त्याआधीच्या डब्यांवर ‘टर्बो’ नावाचे एक बटण असे. पुष्कळांची समजूत अशी की ते दाबले की यंत्र पळते. त्याचा खरा उपयोग उलटा होता: यंत्राचा वेग हेतुपुरस्सर कमी करायचा, म्हणजे जुन्या संथ यंत्राच्या चालीवर बेतलेले प्रोग्राम नीट चालावेत.

या वेगाच्या दुखण्यावर त्या काळीच उतारे निघाले. आज दिंडोशीतल्या पेढीपुढे उभा राहणारा अडथळा निराळा आहे आणि तो पक्का आहे. जुन्या डब्यात बहुधा ३२-बिट विंडोज असते. त्या विंडोजमध्ये डॉसचे १६-बिट प्रोग्राम चालवणारा एक भाग असतो, आणि तो प्रोसेसरमधील ८०३८६च्या काळापासूनच्या त्या जुन्या सोयीवर उभा आहे. प्रोसेसर ६४-बिट चालीत गेला की ती सोयच बंद होते. म्हणून ६४-बिट विंडोजमध्ये १६-बिट प्रोग्राम उघडत नाही, आणि विंडोज ११ तर केवळ ६४-बिटच आहे. येथे दुरुस्ती नाही, सेटिंग नाही, दुकानदाराच्या मुलाने इंटरनेटवर शोधलेली युक्ती नाही. काळा पडदा उघडणार नाही म्हणजे नाही.

मात्र यंत्राच्या आत यंत्र उभे करता येते. डॉसबॉक्स हा प्रोग्राम नव्या संगणकात एका जुन्या संगणकाचे सोंग वठवतो. पण तो मुख्यतः जुन्या खेळांसाठी बनवलेला आहे आणि हिशेबासाठी त्यावर विसंबू नये, असे त्याच्या कर्त्यांचेच म्हणणे आहे. व्हीडॉस हा त्याचाच एक अवतार खास कार्यालयीन प्रोग्रामांसाठी बेतलेला आहे. फॉक्सप्रो त्यात बऱ्यापैकी सुखाने नांदतो, आणि प्रोग्रामने जुन्या प्रिंटरकडे पाठवलेला कागद विंडोजच्या प्रिंटरवर काढण्याची सोयही त्यात आहे. तिसरा मार्ग म्हणजे आभासी यंत्रात जुने ३२-बिट विंडोज बसवणे. त्याला सुरक्षेचे नवे कवच मिळत नसल्याने ते इंटरनेटपासून तोडून ठेवावे लागते.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की फॉक्सप्रोचा प्रोग्राम आणि फॉक्सप्रोची नोंद या दोन निराळ्या वस्तू आहेत. नोंदी डीबीएफ नावाच्या फायलींत असतात, आणि त्या फायली आजचे एक्सेल किंवा फुकट मिळणारे लिब्रेऑफिससुद्धा उघडते. खातेदाराचे नाव, तारीख, जमा, नावे, सारे रकान्यांत समोर येते. पेढीचा जीव प्रोग्राममध्ये अडकलेला वाटतो, तो असतो या फायलींत. जुना डबा बदल्यात देण्याआधी त्याची हार्ड डिस्क काढून घ्यावी, हे दहा वेळा सांगितले तरी कमीच. थोड्या रुपयांच्या सवलतीसाठी सगळ्या गिऱ्हाइकांची खाती अनोळखी माणसाच्या हाती देणे हा व्यवहार कोणताही मुनीम मान्य करणार नाही.

ही डिस्क जपण्यामागे आणखी एक कारण आहे, आणि त्याची इमारत याच परिसरात उभी आहे. नगर दिवाणी व सत्र न्यायालयाचा बोरिवली विभाग दिंडोशीला बसतो. एखाद्या गिऱ्हाइकाने उधारी बुडवली आणि वसुलीचा दावा लावायची पाळी आली, तर नियमितपणे ठेवलेली हिशेबाची वही पुराव्यात दाखल करता येते. नुसत्या नोंदीवर कोणाला देणेकरी ठरवता येत नाही, तिला चलन, पोच, पत्र असा आणखी आधार लागतो. पण वही हा त्या सगळ्याचा कणा असतो. वही संगणकातली असेल तर २०२३च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ लागू होते. हा कायदा १ जुलै २०२४पासून अमलात आला. छापील प्रतीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते: नोंद कोणत्या यंत्रातून आली, ते यंत्र नेहमीच्या कामकाजात वापरात होते का, ते नीट चालत होते का. प्रमाणपत्राच्या नमुन्यात फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला ओळखीचा आकडाही मागितला आहे. फाइलमधले एक अक्षर बदलले तरी तो आकडा बदलतो. नव्या संगणकावर हलवताना कोणी जुन्या नोंदी ‘जरा साफसूफ’ केल्या, तारखांचे रूप बदलले, दोन खाती एकत्र केली, तर उद्या विरुद्ध बाजूचा वकील नेमके तेथेच बोट ठेवील. म्हणून मूळ डिस्क आहे तशी बाजूला ठेवायची आणि काम तिच्या प्रतीवर करायचे.

कायद्याने वही किती वर्षे जपायची, याचीही मर्यादा ठरलेली आहे. वस्तू व सेवा कराच्या कायद्यात ती वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने आहे, कंपनी कायद्यात आठ आर्थिक वर्षे. कंपन्यांना आणखी एक बंधन आहे. १ एप्रिल २०२३पासून त्यांच्या हिशेबाच्या प्रोग्रामने प्रत्येक फेरफाराची नोंद आपोआप ठेवली पाहिजे, आणि ती नोंद बंद करता येता कामा नये. फॉक्सप्रोच्या जुन्या प्रोग्रामला हे जमणारे नाही. तेव्हा पेढी प्रायव्हेट लिमिटेड असेल, तर काळा पडदा पाहण्यापुरता ठेवावा; नवी नोंद त्यात करण्याचा प्रश्नच उरत नाही. भागीदारीच्या किंवा एकट्याच्या मालकीच्या पेढीला हा विशिष्ट नियम लागू नाही.

टॅलीची गोष्ट तुलनेने सोपी, पण अगदीच बिनघोर नाही. हा प्रोग्राम व्यापाऱ्याच्याच घरात जन्मला. बंगळूरचे श्यामसुंदर गोएंका गिरण्यांना आणि कारखान्यांना कच्चा माल व यंत्रांचे भाग पुरवत. आपल्या हिशेबाला साजेसा प्रोग्राम बाजारात मिळेना म्हणून त्यांनी मुलाला, भारत गोएंका यांना, तो लिहायला लावला. १९८६ साली ‘प्यूट्रॉनिक्स’ या नावाने कंपनी सुरू झाली. भारत गोएंका यांना २०२०मध्ये पद्मश्री मिळाली. टॅलीचा परवाना यंत्राशी बांधलेला असतो. यंत्र बदलण्याआधी जुन्यावर तो ‘सरेंडर’ करावा लागतो, मगच नव्यावर तो पुन्हा चालू होतो. जुना डबा बंद पडल्यावर किंवा विकून टाकल्यावर ही आठवण झाली, तर फोनाफोनीत दोन दिवस जातात. जुन्या आवृत्तीतला डेटा नव्या आवृत्तीत नेताना त्याचे रूपांतर होते आणि रूपांतर झालेला डेटा जुनी आवृत्ती पुन्हा उघडू शकत नाही; म्हणून आधीची प्रत वेगळी राखावी. डॉसच्या जमान्यातील टॅलीचा डेटा असेल, तर तो एका उडीत येत नाही, मधल्या आवृत्त्यांच्या पायऱ्या चढत यावे लागते.

हिशेबापुरते झाले. पण प्रत्येक व्यापारी घरात संगणकाच्या एका कोपऱ्यात दुसरेही काही साठलेले असते: कुटुंबाची वंशावळ, समाजाच्या स्मरणिकेचा मजकूर, वधू-वरांची सूची, आजोबांच्या एकसष्टीची पुस्तिका, आजीने सांगितलेल्या पाककृती. ते मराठीत असते, गुजरातीत असते, आणि बहुधा त्या काळच्या फॉण्टमध्ये असते. नव्या यंत्रावर फाइल उघडली की पडद्यावर इंग्रजी अक्षरांची, चिन्हांची रांगोळी दिसते. घरचे लोक म्हणतात, फाइल बिघडली. फाइल बिघडलेली नसते.

पुण्याच्या सी-डॅकची ‘जिस्ट’ नावाची एक पट्टी असे. ती संगणकाच्या आतल्या खाचेत बसवली की डॉसचा इंग्रजी प्रोग्रामही देवनागरी दाखवू लागे. कितीतरी कार्यालयांनी तिच्या जोरावर नावांच्या याद्या मराठीत ठेवल्या. पुढे मदरबोर्डवरून ती खाच नाहीशी झाली आणि पट्टी निरुपयोगी ठरली. परंतु त्या याद्यांतली अक्षरे इस्की या भारतीय प्रमाणाप्रमाणे साठवलेली होती, आणि युनिकोडमधील भारतीय लिप्यांची मांडणी इस्कीवरूनच घेतलेली आहे. म्हणून ती अक्षरे आजच्या रूपात आणणे फारसे अवघड नाही. इस्कीचे एक वैशिष्ट्य व्यापारी घरांना विशेष आवडावे असे होते: देवनागरी ‘क’ आणि गुजराती ‘क’ यांचा सांकेतिक आकडा एकच. एक कळ दाबली की तीच यादी दुसऱ्या लिपीत. युनिकोडने दोन्ही लिप्यांना वेगळी घरे दिली, तरी खोल्यांचा क्रम तोच ठेवला. देवनागरी ‘क’पासून बरोबर ३८४ घरे पुढे गेले की गुजराती ‘क’ भेटतो, आणि ‘म’लाही तेच अंतर लागू पडते.

छपाईसाठी वापरलेल्या जुन्या फॉण्टांची मात्र कथा वाईट आहे. श्रीलिपी, कृतिदेव, आकृती अशा संचांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत. काना एका जागी, अर्धा ‘श’ दुसऱ्या जागी, आणि प्रत्येक संचाची मांडणी निराळी. तो विशिष्ट फॉण्ट नसेल तर मजकूर वाचता येत नाही. असेल तर वाचता येतो, पण शोधता येत नाही, भ्रमणध्वनीवर पाठवता येत नाही. त्याहून बिकट दशा पेजमेकरच्या फायलींची. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, सातवी, २००१ची. त्या फायली इनडिझाइनच्या सीएस६ आवृत्तीपर्यंत उघडत; त्यानंतरच्या आवृत्त्यांनी ते बंद केले. म्हणजे १९९८ साली मोठ्या हौसेने छापलेली स्मरणिका आज संगणकात असूनही नसल्यासारखी आहे. जुना डबा चालू असेपर्यंत त्यावरच ती उघडून पीडीएफ करून घेणे आणि मजकूर युनिकोडमध्ये बदलून ठेवणे, हे काम सुट्टीत घरातल्या मुलांना द्यावे. मुंबईचे प्राध्यापक र. कृ. जोशी यांनी रेखलेला ‘मंगल’ हा युनिकोड फॉण्ट विंडोजबरोबर कधीपासून येतो आहे. वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही.

आता दुकानातल्या टेबलाखाली वाकून पाहावे, कारण पुष्कळशा अडचणी तेथे वायरींच्या जंजाळात असतात. ठोक्यांचा प्रिंटर, जो तीन प्रतींचे चलन एकदम काढतो, त्याची वायर रुंद पॅरलल पोर्टात जाते. नव्या मदरबोर्डवर तो पोर्ट बहुधा नसतो. यूएसबीचे जोडसाधन मिळते, त्यावर प्रिंटर चालतो. पण त्याच पोर्टात बसणारी प्रोग्रामची कुलूपकिल्ली, ज्याला बाजारात डोंगल म्हणतात, ती या जोडसाधनावर सहसा ओळखली जात नाही. सराफाचा वजनकाटा सीरियल पोर्टावर असतो. त्याचेही जोडसाधन मिळते. मात्र जुन्या प्रोलिफिक चिपचे असेल, तर नवे विंडोज त्याला सरळ नाकारते आणि काटा बिघडल्याचा भास होतो. डिजिटल सहीच्या टोकनला नवे ड्रायव्हर लागतात. ते आधी उतरवून ठेवावेत. विवरणपत्राच्या शेवटच्या दिवशी रात्री ते शोधत बसणे बरे नव्हे.

लॅपटॉप घेणाऱ्यांसाठी एक इशारा. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे विंडोज लॅपटॉप बाजारात दिसू लागले आहेत. वजनाला हलके, बॅटरी दिवसभर पुरते, वेगही उत्तम. पण त्यांची घडण इंटेलच्या घराण्यातली नाही, एआरएम घराण्यातली आहे. नेहमीचे प्रोग्राम ते भाषांतर करून चालवतात आणि बरेच चांगले चालवतात; ड्रायव्हरांचे भाषांतर मात्र होत नाही. सहीचे टोकन, जुना प्रिंटर, डोंगल यांच्या कंपनीने त्या घडणीसाठी खास ड्रायव्हर काढला नसेल, तर ते उपकरण त्या लॅपटॉपपुरते मुके राहते. महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीला तो जरूर घ्यावा. पेढीच्या गल्ल्यावर घेण्याआधी टोकन लावून पाहावे.

आणि मुळात प्रोसेसरच बदलायचा आहे का? डबा तोच ठेवून केवळ प्रोसेसर बदलू, असा काटकसरीचा विचार घरोघरी निघतो. तो फार क्वचित जमतो. इंटेलच्या सहाव्या-सातव्या आणि आठव्या-नवव्या पिढीच्या प्रोसेसरांना टाचण्या सारख्याच ११५१, बैठकही दिसायला तीच. तरी एकीचा प्रोसेसर दुसरीच्या बोर्डावर चालत नाही. विंडोज ११ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची आणि टीपीएम २.० ही सुरक्षाचिप लागते, त्यामुळे जुन्या बोर्डाचा मोह तेथेच संपतो. उलट यंत्र आठव्या पिढीचे किंवा नंतरचे असेल आणि तरी संथ चालत असेल, तर दोष बहुधा फिरत्या हार्ड डिस्कचा असतो. तिच्या जागी एसएसडी बसवली, मेमरी ८वरून १६ जीबी केली, की तेच यंत्र तरुण होते. आणि विंडोज, परवाने, फॉण्ट, ड्रायव्हर सारे जागच्या जागी राहते, कारण डिस्कची हुबेहूब प्रत काढता येते. लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, नवा डबा विकणाऱ्याकडून हा सल्ला आपणहून मिळेलच असे नाही. तो विचारावा लागतो.

बदल करायचाच ठरला तर महिन्याच्या ११ आणि २० तारखा टाळाव्यात; दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांच्या त्या मुदती आहेत. मार्च महिना पूर्णच टाळावा. जुने आणि नवे यंत्र निदान एक महिना शेजारी शेजारी चालवावे, आणि महिन्याच्या शेवटी दोन्हींवरचा ताळा काढून बघावा. पैशापैशाने जुळला तरच जुन्याची वायर काढावी.

दिंडोशीच्या त्या पेढीत असेच ठरले, असे समजू. धाकट्याने डीबीएफ फायली दोन पेनड्राइव्हवर उतरवल्या. एक गाळ्यात, एक घरी. नव्या यंत्रावर व्हीडॉस बसला, त्यात काळा पडदा उघडला. मुनीमजींनी नेहमीची कळ दाबली आणि खतावणी क्षणात पुढे आली. पूर्वी मध्ये तंबाखू मळण्याइतका वेळ मिळे, तो गेल्याचे त्यांना थोडे वाईट वाटले. शेठजींनी मालाडच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचे खाते काढायला सांगितले. १९९९ची बाकी, एकवीस हजार चारशे. त्यांनी कपाटातून लाल वही काढली, पान उलटले, बोट ठेवले. एकवीस हजार चारशे.

जुना डबा पोटमाळ्यावर गेला. डिस्क तिजोरीत, पाकिटात, वर तारीख घालून.